हनवटीची खूण

भंगाराच्या ढिगात हात घातला अन् भगवंताच्या तळहातानं काहीतरी ओळखलं. डोळ्यायनं अजून पाहिलं नव्हतं, डोक्यानं तं नाहीच नाही. तो गेला होता जुन्या बिजागऱ्या शोधाले. अकोल्याच्या स्टँडामागच्या त्या भंगारवाल्याकडे मोडक्या दरवाज्यायच्या पितळी बिजागऱ्या कधीमधी चांगल्या भेटत. ढिगात कोपरापर्यंत हात गेला, पंख्याच्या पात्या लागल्या, मिक्सरची भांडी लागली, सायकलीची घंटी लागली, अन् मंग तो गोळा. लिंबाएवढा, गुळगुळीत, थंड. तळहात त्याच्याभोवती आपसूक मिटला, जसं लेकरू झोपेत आईचं बोट धरते. हात वर काढला तं लाल गोळा, खाली लोखंडाची दांडी, दांडीच्या बुडाले चौकोनी पत्रा अन् त्याच्या चारी बाजूले बारके खटके. दांडी डावीकडे लोटली. कट्. उजवीकडे लोटली. कट्. भंगारवाला म्हणे, "गाडीचं गिअर नोहे बरं ते, मिस्त्री." भगवंतानं दांडी पुन्हा लोटली. त्याच्या कानात अमरावतीच्या इतवाऱ्यातली नत्थुजीची खोली वाजू लागली होती.

बाहेर पांढरं ऊन अन् खोलीच्या दाराले पोत्याचा पडदा. पडदा सारला का एकदम अंधार, अंधारात बिडीचा वास, घामाचा वास, गरम झालेल्या वायरीचा वास. भिंतीले लागून व्हिडिओ गेमच्या पेट्या उभ्या, माणसाहून उंच, छातीत रंगीत उजेड घेऊन. नत्थुजी कानात कापसाचे बोळे घालून स्टुलावर बसाचा, कारण दिवसभर त्या पेट्या किंचाळायच्या. बारक्या पोट्ट्यायचा हात पुरत नसे, म्हणून नत्थुजीनं सोड्याच्या बाटल्यायचे लाकडी खोके पालथे घालून ठेवले होते. त्यावर चढाचं अन् खेळाचं. कोपऱ्यातल्या पेटीत एक बारका गडी होता, निळ्या टोपीवाला, अशाच लाल गोळ्याच्या दांडीनं चालवाचा. त्याचं घर मजल्यावर मजले असलेलं. वरून काट्याचे गोळे पडाचे, ते चुकवत त्यानं दिवे गोळा कराचे. त्या घराले दार मात्र कुठंच नव्हतं. गडी पळत पळत डाव्या भिंतीतून बाहेर गेला का त्याच क्षणी उजव्या भिंतीतून आत येई. उजवीकडून गेला का डावीकडून आत. भगवंत तेव्हा पाचवी-सहावीत असन. घरी आल्यावर, जेवता जेवता, त्याले एकच गोष्ट सतावत राहे. डावीकडून गेला अन् उजवीकडून आला, हे ठीक. पण मधात, पापणी लवाएवढ्या वेळात, तो गडी कुठं असते? बापाले विचारलं तं डोमाजी म्हणे, "मुकाट्यानं भाकर खाय."

गोळा थैलीत घालून भगवंत दुकानात आला. दुकान म्हणजे पुढं पत्र्याची पडवी अन् मागं राहाची खोली. पडवीत दिवाण, कपाटं, ड्रेसिंग टेबलं बनवाची, पोरीच्या आंदणात द्याले. बापाचा धंदा अमरावतीचा, पण डोमाजी पुढं अकोल्याले आला अन् मेला तोही अठीच, रंधा हातात धरून. आता आंदणाले कोण मिस्त्रीकडून कपाट करून घेते? ज्यायच्या घरी पैसा, ते शोरूमातून लोखंडी आणते. ज्यायचं वावर, त्यायच्या कपाशीवर लाल्या पडला, पुढच्या साली पाऊस नाही, त्याच्या पुढच्या साली बोंडात अळी. लग्नं मोडत नव्हती, पुढं ढकलली जात. तेल्हाऱ्याकडच्या एका पोरीचं कपाट असंच राहून गेलं होतं. सागवानाच्या चौकटीचं, आरशाचं. पोरीचा बाप म्हणे, लग्न पुढच्या मौसमात. मंग त्याच्या पुढच्या. मंग मानूस यायचाच बंद झाला. ते कपाट पडवीच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभं होतं अन् भगवंत त्याच्याकडे पाठ करून काम करत असे. काम म्हणजे काय, तं कोणाच्या खाटेचा पाय, कोणाच्या शाळेची बाकडी.

अन् त्यात किशोर. किशोर म्हणजे बायकोचा, आरतीचा भाऊ. नांदगाव पेठेले एका कापडाच्या कारखान्यात चादरी घडी कराच्या खात्यात लागला होता अन् तठी अजून एक जागा होती. "भाऊजी, शेड बंद करा अन् या," तो म्हणे. "राहाले माही खोली हाये. हप्त्याले एक दिवस घरी. पुढच्या महिन्याच्या पयल्या इतवारी मी येतो. तवा हो का नाही, सांगून टाका. जागा माह्यासाठी थांबून नाही राहात." भाऊ गेल्यावर आरती भांडे घासता घासता म्हणे, "नाही म्हनाले तुमच्यापाशी काही कारन तं पाह्यजे." कारण भगवंताले सापडत नव्हतं. किशोरनं त्याले एकदा तो कारखाना दाखवला होता. लांबच लांब छप्पर, खिडकी नाही, ट्यूबलाइटात दिवस का रात ते समजत नव्हतं, अन् हवेत कापसाचं पीठ. टेबलांच्या रांगा, सारी एकाच उंचीची, पाय जमिनीत सिमेंटानं गाडलेले. उंच माणसं वाकून घडी घालत होती. एक बुटकी बाई फळीवर उभी राहून घडी घालत होती, अन् फळी दर घडीले हाले. भगवंत सारा वेळ त्या फळीकडे पाहात राहिला. कोणाच्या मापाचं टेबल हे? ना त्या उंचाच्या, ना त्या बाईच्या. घरी येताना एसटीत त्याले श्वास पुरला नाही, खिडकीजवळ बसूनही.

माप म्हणजे डोमाजीचा धर्म होता. टेप त्यानं जन्मात वापरला नाही. ज्याची वस्तू, त्याले भिंतीले पाठ लावून उभं कराचं, लाकडाची पातळ काठी अंगाशी लावाची, अन् पटाशीनं खुणा कराच्या. कोपर कुठं येते, खांदा कुठं, वर हात केला तं बोटं कुठवर. त्या काठीवरून कपाट. "माप लाकडाचं नसते रे," डोमाजी म्हणे, "मानसाचं रायते." अन् दुसरं एक म्हणे, "आपलं माप आपून घेऊ नये. काठी दुसऱ्यानं धराची." भगवंत त्यावर हसे. अन् तिसरं, कपाट आडवंच बनवाचं. पार पॉलिश होऊन झालं का एकदाच उभं कराचं, नारळ फोडून. उभं केलेलं पुन्हा आडवं कराचं नाही. उभं असलेलं आडवं होते ते मेलेलं मानूस.

गोळा घेऊन तो जुबेरकडे गेला. जुबेर इतवाऱ्यातला लहानपणचा दोस्त, नत्थुजीच्या खोलीतला साथी. त्याची सासुरवाडी अकोल्याची, अठीच त्यानं टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. लोकायनं घरात पातळ टीव्ही घेतले अन् जुने पोटाड्या टीव्ही जुबेरकडे आणून टाकले, दुकानात बसाले जागा नव्हती. जुबेरनं गोळा पाहिला अन् त्याचं तोंड पोट्ट्यासारखं झालं.

"अबे भग्या! कुठून आणलं बे हे?"

"भंगारातून. पेटी कराची म्हनतो. तशीच, कोपऱ्यातली. आत तुह्याकडचा एखादा टीव्ही. दुकानासमोर ठेवीन. बाजूले शाळा हाये, क्लास हाये, पोट्टे येतीन."

"पोट्टे आता मोबाइलवर खेळते, बावा."

"मोबाइल कोनाच्या खिशात हाये आमच्या गल्लीत? बापाच्या खिशात हाये, अन् बाप देत नाही."

जुबेरनं दांडी कट्कट् हलवली. "चायनाचा कॅसेटवाला गेम पडला हाये माह्याकडे. टोपीवाल्या गड्यासारखा एक गेम हाये त्यात, इकून गेला का तिकून येते. बटनं मात्र भेटनार नाही."

"दाराच्या घंटीची बटनं लावू."

जुबेर एवढा हसला का बाजूचा चहावाला पाहाले आला. "लेका, पोट्टं उडी मारन अन् शेजारची बाई दार उघडाले येईन!" पण हसता हसता त्यानं एक टीव्ही बाजूले काढूनही ठेवला.

हेच ते कारण होतं. भगवंतानं ते आरतीले सांगितलं नाही, स्वतःलेही नीट सांगितलं नाही, पण आत त्याले पक्कं होतं. किशोर यायच्या आत पेटी उभी राहिली, पोट्टे जमले, तं नाही म्हणता येईन. नाही तं नांदगाव पेठ. दुपारी पडवीत कोणी नव्हतं तवा त्यानं नवी काठी तासली, खांबाले पाठ लावली, डोळे मिटले, अन् नत्थुजीच्या खोलीत जाऊन उभा राहिला. बिडीचा वास आला. पुढं उजेड आला. दांडी कुठं होती? तळहात आपसूक वर उठला अन् हनवटीपाशी येऊन थांबला. हीच ती जागा. गेमचा पडदा त्याच्या वर, मान जरा मागं टाकून पाहा लागे. पटाशीनं त्यानं हनवटीशी खाच पाडली. अंगानं हो म्हटलं. अंगाच्या वर साक्ष काय पाह्यजे? स्वतःच स्वतःची काठी धरली, हे त्याच्या ध्यानात आलं, अन् त्यानं ते झटकून टाकलं जशी माशी झटकते.

लाकूड पाह्यजे होतं. लाकूड होतं. त्यानं कोपऱ्यातल्या कपाटावरची चादर ओढली तशी आरती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"लोकाच्या पोरीचं हाये ते."

"लोक आले नाही ना."

"उद्या आले तं?"

"उद्या आले तं दुसरं करून देईन."

"दुसरं!" आरती म्हणे. "तिचा हात कुठवर पुरते ते तुमी पाहिलं होतं ना? त्या पोरीनं वर हात केला, लाजून अर्धाच केला, अन् तुमी म्हटलं पूर्न कर बाई, साड्या तूच ठेवशीन. मी पानी घेऊन आली होती तवा. आता ती पोरगी कुठं, तिचा हात कुठं."

भगवंतानं हातोडी मारली. फळ्या सुटताना कपाट कण्हलं, असं त्याले वाटलं, पण ते नुसतं सागवान होतं. वरचा कप्पा, जो त्या पोरीच्या बोटायपर्यंत केला होता, तो सुटून हातात आला तं त्याले क्षणभर तो कुठं ठेवावा समजेना. आरसा त्यानं जपून काढला. टीव्हीच्या पुढं काच पाह्यजे होती, नवी आणाची कुठून? मंग त्यानं आरसा पालथा घातला अन् मागचा मुलामा खरडाले बसला. पटाशीच्या धारेनं, हळूहळू, तेल लावून. जसजसा मुलामा निघे तसतसं खालची फरशी दिसाले लागे. माणूस जिथं दिसाचा तिथून आता पलीकडचं दिसत होतं. एका कोपऱ्यात चिकट राहिलाच, बोटभर. निघता निघेना. तसाच सोडला.

पेटी आडवी पडून वाढू लागली. पडवीभर पसरलेली, डोकं खांबाकडे, पाय रस्त्याकडे. भगवंत तिच्या बाजूले मांडी घालून बसे, कधी तिच्यावर वाकून, कधी आत शिरून. आत शिरलं का बाहेरचा आवाज बुजे. ट्रकचे हॉर्न, शाळेची घंटी, आरतीचं बोलणं, सारं जसं कापसातून येई, अन् नत्थुजीच्या कानातले बोळे त्याले आठवत. नत्थुजीले आत काय ऐकू येत असन? रंधा चालता चालता त्याले वाटे का आपण काहीतरी वाचवून राहिलो, काय ते माहीत नाही, पण वाचवून राहिलो. तळहातात गोळा होता. गोळा तिथं नसतानाही तळहातात होता. गडी उडी मारे, दिवा घेई, डाव्या भिंतीत शिरे, अन् बोटं आधीच उजवीकडे वळलेली असत. एवढं पक्कं अजून काय होतं त्याच्यापाशी? बापाचा चेहराही आता धुरकट झाला होता. आरतीचा लग्नातला चेहरा फोटोतून आठवे. पण हा हात खरा. ह्या हातानं गडी पार वरच्या मजल्यावर नेला होता, पोट्टे मागून वरडत होते, अन् नत्थुजीनं एक बोळा काढून विचारलं होतं, "कोन हाये रे?" त्या "कोन हाये रे"वर भगवंत दिवसभर काम करू शके. जुबेर अधूनमधून येई, वायरी जोडे, घंटीची बटनं बसवे. पेटी आडवी असल्यानं तोही आडवा होऊनच काम करी. दोघंही पेटीच्या दोन टोकायले, जसे अंगणात झोपलेले पोट्टे.

किशोर यायच्या आदल्या दिवशी, शनवारी दुपारी, पॉलिश वाळली. आरतीनं नारळ आणून देला, भगवंतानं फोडला. जुबेरनं टीव्हीकडून धरलं, भगवंतानं बुडाकडून, अन् एका हुंकाऱ्यात पेटी उभी झाली. पत्र्याले टेकता टेकता राहिली. जुबेरनं वायर लावली, काचेमागं उजेड आला, गाणं वाजलं, टोपीवाला गडी नाचत पुढं आला. भगवंत पुढं झाला. दांडी त्याच्या हनवटीशी होती. पडदा कपाळाच्या वर. दोन्ही हात वर करून तो असा उभा राहिला जसं कोणी त्याच्यावर बंदूक रोखली.

जुबेर हसला, मंग बसला, मंग जमिनीवर लोळला. "अबे ऊंट बनवला लेका तू! हे खेळाले कोन येनार बे, खांबावरचे लाइनमन?"

"अशीच होती," भगवंत म्हणे. "हनवटीशीच होती दांडी."

"हनवटीशी? तू तवा एवढुसा होता!"

"एवढुसा होतो तरी हनवटीशीच ना. मंग आताही..." बोलता बोलता तो थांबला. काठी अंगाशी लावली तवा अंग तीस-पस्तीस वर्षाचं होतं, हे एवढं साधं त्याले आता समजत होतं. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं, जड, अन् ते येऊ नये असं त्याले वाटत होतं. "पन खोक्यावर चढल्यावर," तो सावकाश म्हणे, "खोक्यावर चढल्यावर तं दांडी पोटाशी येत असन. मले हनवटीशी काहून आठवते?"

जुबेरचं हसणं ओसरलं. तो धूळ झटकत उठला. "कारन तू खोक्यावर चढलाच नाही कधी, भग्या. खोक्यावर मी राहाचो. तू बाजूले, खाली. हनवटी दांडीच्या फळीवर टेकवून पाहाचा. सारी दुपार. मी म्हनाचो ये, एक डाव खेळ. तू म्हने, नको, मी पाहातो."

"मी खेळलो. वरच्या मजल्यावर नेला होता मी. नत्थुजीनं विचारलं, कोन हाये रे."

"ते माह्यासाठी विचारलं होतं, बावा." जुबेरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तूच सांगलं होतं त्याले. जुबेर हाये म्हनून. मोठ्यानं."

जुबेर गेल्यावर भगवंत पेटीसमोर बसून राहिला. आत गडी एकटाच नाचत होता, कोणी खेळत नसलं का तो असाच नाचते. मंग हात? भंगारात हात घातला तवा काय ओळखलं होतं त्यानं? तळहात उघडून पाहिला. रंध्याचे घट्टे, पटाशीचा जुना व्रण, फेव्हिकॉलचे पापुद्रे. दुपारभर दुसऱ्याच्या हाताकडे एवढं पाहिलं का तो आपलाच होऊन जाते, असं होते काय? अन् मंग अजून काय काय असं हाये? बापाचा रंधा हातात आला तो कोणी देला म्हणून, का मागितला म्हणून? अकोल्याले आला तो बाप आला म्हणून. लग्नात सारे उभे होते म्हणून उभा राहिला. सारं त्याले जवळून दिसलेलं होतं, फळीवर हनवटी टेकवून, नको मी पाहातो म्हणत. कारखान्याले नाही म्हणाचं होतं, तेही या पेटीकडून म्हणवून घ्याचं होतं. काचेच्या कोपऱ्यात, जिथं मुलामा राहिला होता, तिथं त्याचा एक डोळा दिसत होता. तेवढाच. बाकी साऱ्या काचेत गडी.

आरती चहा घेऊन आली. पेटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, अन् घरातला स्टूल आणून पेटीपुढं ठेवला. पदर खोचून चढली. "कसं कराचं हे?"

"दांडीनं चालवाचं. घंटीनं उडी."

ती खेळली. पहिल्यांदा गडी जागेवरच मेला, मंग चार पावलं गेला, मंग काट्याचा गोळा चुकला तशी ती "आ गं माय!" म्हणून वरडली अन् स्वतःच लाजली. एवढं मोकळं ती कधी वरडल्याचं भगवंताले आठवेना. गडी डाव्या भिंतीतून गेला, उजवीकडून आला. तिनं पुन्हा नेला. पुन्हा आला.

"याले बाहीर कसं काढाचं?"

"बाहीर नाही जात तो. इकून गेला का तिकून येते."

"कधीच नाही?"

"नाही."

दांडी तशीच धरून तिनं मान वळवली. "मंग कायले खेळाचं जी?"

त्याले सांगाचं होतं का बाहेर जासाठी कोणी खेळतच नव्हतं, आत टिकाचं असे. पण हे त्याले कुठून माहीत? तो खेळलाच कुठं होता. तो म्हणे, "मले नाही माहीत. मी पाहातच होतो." अन् हे म्हटल्यावर छातीतून काहीतरी सुटलं अन् त्याच जागी काहीतरी बसलंही.

इतवारी सकाळी त्यानं तीच काठी घेतली. "भिंतीले पाठ लाव," आरतीले म्हणे. "हात कोपरातून दुमड."

"माह्या मापानं काहून?"

"दुकानात तू राहशीन ना."

तिले समजलं. ती भिंतीले लागून सरळ उभी राहिली, एवढी सरळ का जशी ती तेल्हाऱ्याची पोरगी. भगवंतानं तिच्या कोपराशी खाच पाडली. हनवटीची खाच अन् कोपराची खाच यायच्या मधात जेवढी काठी होती, तेवढं लाकूड पेटीच्या बुडातून काढाचं होतं. उभी केलेली पेटी त्यानं पुन्हा आडवी केली. करताना बापाची आठवण आली अन् त्यानं डोळे मिटून घेतले, बस. करवत चालली. बुडाचा तुकडा सुटला तो चौकोनी, पोकळ, नत्थुजीच्या सोड्याच्या खोक्याएवढा. त्यावर कपाटाचा वरचा कप्पा ठोकला. ज्याचं काय करावं समजत नव्हतं, तो बरोबर बसला. बारक्या पोट्ट्यायले उभं राहाले.

किशोर आला तवा पडवीसमोर पोट्टे जमले होते, एक खोक्यावर चढलेला, बाकीचे धक्काबुक्की करत. घंटीचं बटन दाबलं का सारे "कोन हाये?" वरडत अन् हसत. आरती रांग लावून राहिली होती, एकाचा कान धरून. किशोर गाडीवर बसल्या बसल्या म्हणे, "हे काय नवीन, भाऊजी? मंग नाही येत काय तुमी?"

पोट्ट्यायकडे पाहून भगवंताले वाटलं, आता म्हण. नाही म्हण. याच्यासाठीच तं केलं. पण हे पोट्टे दिवाळीच्या सुट्टीत येतीन, परीक्षेत नाही येणार, पावसात नाही येणार, अन् आरतीच्या तोंडावरही तेच लिहिलेलं होतं. ह्याच्यावर मीठ-मिरची चालन, घर नाही.

"येतो," तो म्हणे. "कपडे भरतो."

"एक डाव तं खेळा," आरती म्हणाली. तिनं पोट्ट्यायले बाजूले केलं. भगवंत पुढं झाला. पेटी आता तिच्या मापाची होती, त्याले कमरेतून वाकावं लागलं. गोळा हातात घेतला. गडी निघाला, काट्याचा गोळा पडला, अन् गडी मेला. पुन्हा निघाला, मेला. हाताले काहीच माहीत नव्हतं. पोट्टे पोट धरून हसले, "काका, उडी मारा ना!" अन् किशोरनं हॉर्न वाजवला.

कारखान्यात चादरी येत राहते. दोन टोकं धराची, झटकाची, दुमडाची, पुन्हा दुमडाची, डावीकडे सरकवाची. डावीकडून ढीग जाते, उजवीकडून नवा येते. हप्त्याले एक दिवस भगवंत अकोल्याले जाते अन् सोमवारी सकाळच्या एसटीनं परत टेबलापुढं येते, अन् मधला वेळ कुठं गेला ते त्याले सांगता येत नाही. बाजूच्या टेबलावर तीच बुटकी बाई, हालत्या फळीवरची. कौशल्याबाई. थोड्या दिवसानं ती म्हणे, "भाऊ, तुमी सुतार काय?"

"काहून?"

"चादरीहून जास्त टेबलाले बोटं लावून पाहता म्हनून."

पुढच्या खेपेले त्यानं थैलीत ती काठी आणली. जेवणाच्या सुट्टीत तिले फळीवरून खाली उतरवलं, सरळ उभं केलं, कोपराशी खाच पाडली. दोन-चार बाया तोंडाले पदर लावून हसल्या. "ही फळी फेकून द्या," तो म्हणे. "इतवारी घरी पाट करतो, चार पायाचा. हालला तं मले सांगा."

"अन् तुमचं काय? तुमी उंच, तुमच्यासाठी तं टेबलच ठेंगनं."

"माहं काय. टेबल सिमेंटात हाये."

"माप तं घेऊन ठेवा." कौशल्याबाईनं काठी पाहाले घेतली अन् खाचायवरून बोट फिरवलं. "ही माही. ही कोनाची?"

"घरवालीची."

"अन् ही वरची?"

"माही. लहानपनची."

"एवढ्या उंचावर, लहानपनची?" ती हसली, अन् तिनं काठी त्याच्या अंगाशी लावली. काठी धरणारं दुसरं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. "कोपर दुमडा. आता सरळ उभे राहा."

भगवंत उभा राहिला. भोंगा व्हाले अजून वेळ होता. टेबलांच्या रांगा पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या, अन् ट्यूबलाइटात कापसाचं पीठ उडून राहिलं होतं. कौशल्याबाईनं एकदा काठी पाहिली, एकदा त्याची वाकलेली पाठ पाहिली.

"सरळ उभे राहा ना, भाऊ."

"सरळच तं उभा हाओ मी," भगवंत म्हणे.